आधी झरा, मग कळस

एप्रिलच्या अखेरीला रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या देवराईत भर दुपारी शिरलं, तर सावलीच्याही आधी वास जाणवतो. कुजत चाललेल्या पातेऱ्याचा, ओल्या जांभा दगडाचा, कुठेतरी शेवटच्या सुरंगीचा. बाहेर सड्यावर, डोंगराच्या उघड्या माथ्यावर, कातळ असा तापलेला असतो की अनवाणी पाऊल टेकवत नाही. आणि इथे, दोनशे पावलांवर, दगडाच्या बेचक्यातून करंगळीएवढी धार कुंडात पडत असते. हात घातला तर पाणी गार. हेच पाणी डिसेंबरच्या पहाटे कोमट लागतं. खरं तर दोन्ही वेळा त्याचं तापमान जवळपास तेवढंच असतं. बदललेली असते ती बाहेरची हवा. ज्याला ऋतू लागत नाहीत असं पाणी जमिनीतून आपल्यापुढे येतं, आणि माणूस नकळत आवाज खाली आणतो. त्या क्षणाला कुणी देव म्हणो, कुणी निसर्ग म्हणो. तिथे उभं राहिलेल्या कुणालाही तो क्षण खोटा वाटत नाही.

या विस्मयाचं आपण सार्वजनिक जीवनात काय करतो, हा प्रश्न मात्र अवघड झाला आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोकणात आणि घाटमाथ्यावर देवळांचे जीर्णोद्धार झपाट्याने झाले. मुंबईकर चाकरमान्यांनी वर्गणी दिली, आमदार-खासदार निधी आला, तीर्थक्षेत्र विकासाच्या योजना आल्या. पैसा श्रद्धेने आला, त्याबद्दल शंका नाही. पण तो कुठे गेला ते पाहा: सभामंडप, पत्र्याची शेड, ग्रॅनाइटची फरशी, पेव्हर ब्लॉकचं अंगण, कमान, आणि कुंडाला सिमेंटचा गिलावा. ज्या झऱ्यामुळे देव तिथे बसला, तो झरा अंदाजपत्रकात आलाच तर ‘सुशोभीकरण’ या सदराखाली येतो. पाच वर्षांनी कुंड कोरडं पडतं, शेजारी बोअर मारली जाते, पंपाने कुंड भरलं जातं आणि त्याच पाण्याचं तीर्थ वाटलं जातं.

म्हणून मागणी सरळ आहे. कुठल्याही देवस्थानाचा जीर्णोद्धार झऱ्यापासून सुरू व्हावा. झऱ्याचं किमान एक वर्षाचं मोजमाप हातात असल्याशिवाय त्याच्या परिसरात वर्गणीचा किंवा सरकारचा एक रुपयाही बांधकामावर खर्च होऊ नये. हे श्रद्धेविरुद्धचं म्हणणं नाही. श्रद्धेच्या मुळाशी जे आहे ते वाचवण्याचं आहे.

झरा मुळात कसा वाहतो, ते आधी नीट पाहू. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरी मे महिन्यात टँकर फिरतो. कारण जांभा. जांभ्याच्या डोंगराचा माथा म्हणजे सडा. वर कडक कातळाचं कवच, त्यात भेगा आणि भोकं. त्याखाली नळ्या-नळ्यांचा सच्छिद्र जांभा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्याच्या खाली पांढरट-पिवळसर चिकणमातीचा थर, आणि सगळ्यांत तळाला काळा पाषाण. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून उतरतं, सच्छिद्र जांभ्यातून झिरपतं आणि चिकणमातीवर येऊन अडतं. खाली जाता येत नाही म्हणून आडवं सरकतं. डोंगराचा उतार जिथे हा थर कापतो तिथे ते बाहेर येतं. तोच झरा. कोकणातली जुनी गावं पाहिली तर वर सडा, मधल्या उतारावर झरा आणि राई, त्याखाली वाडी, सर्वांत खाली भातशेती अशीच मांडणी दिसते. भूगर्भशास्त्राचं नकाशापत्र कुणी काढलं नव्हतं, तरी वस्तीने डोंगराची रचना अचूक वाचली होती.

घाटमाथ्यावर आणि मावळात जांभ्याऐवजी काळ्या पाषाणाचे थर एकावर एक आहेत. त्यातला एखादा थर भेगाळलेला, सच्छिद्र, त्याखालचा घट्ट. पाणी त्या दोहोंच्या सांध्यावर फुटतं. महाबळेश्वरला कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या नद्यांचं पाणी एकाच देवळात गोमुखातून घेण्याची जी परंपरा आहे, तिच्या मागे पठाराच्या पोटातलं हे पाणी आहे. वर जांभ्याची टोपी आणि खाली पाषाणाचे थर, असा दोन्हींचा संगम तिथे आहे.

ज्या जागी पाणी बाहेर येतं, तिथे माणसांनी देव बसवला आणि नियम घातले. देवराईत चप्पल घालायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही, कोयती चालवायची नाही, पडलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही. फांदी न्यायचीच तर देवाला कौल लावायचा, गाऱ्हाणं घालायचं. वरवर पाहता हे सगळं भीतीचं वाटतं. पण ‘पडलेली फांदीसुद्धा नाही’ या एका नियमाचा परिणाम पाहा. फांद्या आणि पातेरा जागेवर कुजतात. हातभर जाडीचा भुसभुशीत थर तयार होतो. जुलैच्या मुसळधारेचा थेंब त्यावर पडतो तेव्हा त्याचा मार मातीला लागत नाही, पाणी थांबतं, मुरतं. राईबाहेरच्या उघड्या उतारावर तोच थेंब मातीचं तोंड बंद करून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, धावत जातो.

सत्तरच्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे मदत मागितली होती. गावची राई तोडली जाणार होती. गावकऱ्यांचं म्हणणं असं की गावाला पाणी देणारा झरा त्या राईतून निघतो. राई गेली तर पाणी जाईल. राई वाचली. त्यांनी देवीच्या कोपाचा आणि पाण्याचा मुद्दा वेगवेगळा मांडला नव्हता, कारण त्यांच्या लेखी ते दोन मुद्दे नव्हतेच.

आणि राईत फक्त पाणीच राहतं असं नाही. सावंतवाडी तालुक्यात आंबोलीला हिरण्यकेशी नदी एका गुहेतून निघते. तिथे देऊळ आहे, कुंड आहे. त्या पाण्यात राहणाऱ्या एका छोट्या माशाची २०२० साली विज्ञानाला नवी जात म्हणून नोंद झाली, आणि तिचं नाव नदीवरूनच ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असं ठेवलं गेलं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. शतकानुशतकं ज्या कुंडातून लोक ओंजळभर पाणी घेत आले, त्यात असा एक जीव होता, ज्याला नाव नव्हतं. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याच्या राईत रानटी जायफळाची झाडं बारमाही चिखलपाण्यात उभी आहेत. त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर येतात, श्वास घ्यायला. सीमेपलीकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यात, निरंकाराच्या राईतही तीच दलदल आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महसीर मासे जपले जातात. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहातही तसेच. जिथे मासेमारी सर्वत्र चालते, तिथे एका डोहापुरतं जाळं थांबतं आणि पुढच्या पिढीला बीज उरतं.

इथे दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला विवेकवाद्यांचा. पाणी कुठून येतं हे समजलं, मग हात कशाला जोडायचे? राजापूरच्या गंगेचं उदाहरण नेहमी दिलं जातं. उन्हाळ्याजवळच्या टेकडीवर चौदा कुंडं आहेत. साधारण तीन वर्षांनी, अलीकडे बऱ्याचदा अवेळी, त्यांत पाणी येतं, काही आठवडे राहतं आणि जातं. त्याचं स्पष्टीकरण म्हणून सायफनचा सिद्धांत सांगितला जातो: डोंगराच्या पोटातली पोकळी ठरावीक पातळीपर्यंत भरली की पाणी एकदम बाहेर ओढलं जातं. समजा ते तसंच असेल. मग डोंगराच्या आत दगडांची अशी रचना आहे की ती वर्षानुवर्षं पाऊस साठवते आणि एका दिवशी सोडते, हे कळल्यावर विस्मय कमी झाला की वाढला? ज्याला ‘प्रकट झाली’ एवढंच माहीत आहे तो स्नान करून परततो. ज्याला पोकळीची कल्पना आहे, तो त्या टेकडीवर चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढणारी खाण, सुरू झाली तर अस्वस्थ होतो. कारण समजून घेतल्याने विस्मयाला जबाबदारी येते. न समजता केलेली भक्ती जपू पाहते तेच मोडते, आणि नवलाशिवायचं ज्ञान झऱ्याकडे लिटरांच्या हिशेबापलीकडे पाहत नाही. आपल्याला दोन्ही लागतात.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे आणि तो टाळून या विषयावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पाण्याच्या पावित्र्याने या राज्यात माणसांना पाण्यापासून दूर ठेवलं आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेल्या हजारोंनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर तळं ‘बाटलं’ म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. पाणी सर्वांचं आहे हे न्यायालयातून मान्य व्हायला १९३७ साल उजाडलं. आजही काही देवरायांत बायकांना आत जाता येत नाही. आणि उन्हाळ्यात खालच्या पाणवठ्यावर हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात त्या बायकाच. कुणाच्या स्पर्शाने पाणी बाटतं असं मानणारा पाण्याकडे पाहतच नसतो, तो माणसांकडे पाहत असतो. म्हणून देवराई जपायची म्हणजे तिचे सगळे जुने नियम जपायचे असं होत नाही. कोयती न चालवण्याचा नियम ठेवावा, माणसांना अडवणारा नियम सोडावा. झऱ्याच्या देखरेखीच्या समितीत पाणी भरणाऱ्या बायका असल्याच पाहिजेत, आणि हे केवळ न्यायासाठी म्हणत नाही. कळशी भरायला किती वेळ लागतो आणि गेल्या वर्षीपेक्षा किती जास्त लागतो, हे गावात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नसतं.

आता बिघडतं कुठे, त्याबद्दल. इथे थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण नुकसान बहुतेक वेळा चांगल्या हेतूने आणि अगदी ठरावीक चुकांनी होतं.

सर्वांत मोठी चूक कुंडाचा तळ काँक्रीटने बंद करण्याची. जांभ्यातला झरा नळासारखा एका तोंडातून येत नाही. तळातून, बाजूंच्या फटीतून, कित्येक बारीक वाटांनी तो पाझरतो. दिसणारी धार त्यातला एक वाटा असतो. गाळ काढला, कुंड ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून तळाला चार इंच काँक्रीट आणि बाजूंना गिलावा केला की या वाटा बंद होतात. पाणी संपत नाही. ते दाबाने दुसरी वाट शोधतं आणि कधी वीस फूट खाली, कधी भलत्याच बाजूला, कुणाच्या घरामागे फुटतं. शिवाय ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होतं, आणि कुंडातले मासे, बेडकाची पिल्लं, खेकडे यांना ते सोसत नाही.

दुसरी चूक त्याहून फसवी. पाणी जास्त साठावं म्हणून कुंडाची भिंत दोन-तीन फुटांनी वाढवतात. कुंडातली पातळी झऱ्याच्या डोळ्याच्या, म्हणजे पाणी जिथून बाहेर फुटतं त्या तोंडाच्या, वर गेली की साठलेल्या पाण्याचा भार येणाऱ्या पाण्यावर उलटा पडतो. झऱ्याचा दाब मुळात फार कमी असतो. तो त्या भाराशी झगडत नाही, वाट बदलतो. एकदा बदललेली वाट भिंत पाडल्यावर परत येईलच याची खात्री नाही. झऱ्यावरचं कुठलंही बांधकाम करताना बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तोंड डोळ्याच्या पातळीला किंवा त्याखालीच हवं. हा एक नियम पाळला तरी निम्मे झरे वाचतील.

तिसरी, धार वाढवण्यासाठी झरा ‘फोडणं’. सुरुंग लावून किंवा जेसीबीने तोंड रुंद केलं की पहिले काही दिवस पाणी धो-धो येतं, लोक खूश होतात. साठा मात्र तेवढाच असतो. तो फेब्रुवारीतच रिकामा होतो. आणि सुरुंगाने खालचा चिकणमातीचा थर तडकला तर पाणी कायमचं खाली उतरतं. शेजारी मारलेली बोअर हेच काम सुबकपणे करते: दीडशे फुटांचं भोक वरच्या जांभ्यातलं पाणी गळतीसारखं खाली नेतं, जर वरच्या भागाची केसिंग पाइप नीट बसवून बाहेरून बंद केली नसेल तर. ती बऱ्याचदा नसते.

राईतली साफसफाई हीसुद्धा चूकच. खालची झुडपं काढून, पातेरा झाडून, पेव्हर बसवून राईची बाग होते. मोठी झाडं उभी असतात म्हणून फोटोत राई तशीच दिसते, पण तिचा मुरण्याचा थर गेलेला असतो. नवी रोपं उगवायला जागा उरत नाही, आणि पन्नास वर्षांनी जुना बेहडा किंवा सातवीण कोसळला की त्याच्या जागी काहीच नसतं. धनेशाला ढोलीसाठी असंच जुनं झाड लागतं. चालायला वाट हवी असेल तर कोकणात पाखाडी आहे; जांभ्याचे चिरे मातीत बसवलेली, फटींतून पाणी पिणारी. पेव्हर ब्लॉकची गरजच नाही. रात्रीच्या फ्लडलाइटचाही तोच प्रकार. मेअखेरीस जिथे काजव्यांनी झाडं उजळतात, तिथे हॅलोजन लावून आपण काय दाखवतो?

ओटीचा प्रश्न नाजूक आहे. नदीची, आसरांची (जलदेवतांची) ओटी भरणं ही बायकांची पिढ्यानपिढ्यांची भाषा आहे. तिला नावं ठेवून काही साधणार नाही. पण पूर्वीचा सुती खण कुजायचा, आजचा पॉलिस्टरचा कुजत नाही, तो झऱ्याच्या तोंडात जाऊन बसतो. ओटी काठावरच्या पारावर स्वीकारावी, पाण्याला हळद-कुंकवाचं एक बोट पुरे. माशांना ब्रेड, बिस्किटं घालणं थांबवावं; न खाल्लेलं अन्न तळाशी कुजतं, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मे महिन्यात, पाणी कमी असताना, एका रात्रीत मासे तरंगतात.

मग दुरुस्ती कशी करावी? हाताने, आणि उन्हाळ्याच्या अखेरीला, जेव्हा सर्वांत कमी पाणी असतं आणि खरे डोळे दिसतात. गाळ थोडा थोडा काढायचा, काढलेल्या गाळातले जीव पुन्हा पाण्यात सोडायचे. प्रत्येक पाझर दिसला की तिथे खूण करायची. बाजू कोरड्या दगडांनी, गडग्यासारख्या रचायच्या, सिमेंट न वापरता. डोळ्यासमोर धुतलेल्या गोल खडीचा थर द्यायचा म्हणजे माती धारेबरोबर येत नाही. पिण्यासाठी वेगळी टाकी हवी असेल तर ती खाली बांधायची, आणि सगळं पाणी पाइपात घालायचं नाही. थोडी धार कुंडातून ओढ्यात वाहती राहिलीच पाहिजे, नाही तर कुंडातलं सगळं जीवन संपतं. झऱ्याच्या वरच्या बाजूला आठ-दहा मीटरवर एक आडवा चर काढला की पावसाचं गढूळ पाणी बाजूने निघून जातं. वरच्या अंगाला तीस मीटरच्या आत शौचालयाचा खड्डा किंवा गोठा नको. भेगाळ जांभ्यात याहूनही जास्त अंतर ठेवावं, कारण तिथे पाणी गाळलं जाण्याआधीच पोचतं. याची घरगुती परीक्षा आहे. पाऊस पडून गेल्यावर काही तासांतच झरा गढूळ होत असेल तर त्याची वाट उथळ आहे, ते पाणी उकळूनच प्यावं. दिवसेंदिवस तो नितळ राहत असेल तर वाट खोल आहे. तरीही वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, मैल्याचे जंतू दाखवणारी तपासणीची बाटली भरून ठेवावी. बाटलीतलं पाणी काळं झालं तर त्यात मैला मिसळत असण्याची शक्यता आहे.

हे सगळं झऱ्याच्या तोंडाशी झालं. पण झऱ्याचं भवितव्य तोंडाशी ठरत नाही, वर सड्यावर ठरतं. हीच गोष्ट आपल्या भक्तीला अजून उमगलेली नाही. आपण कुंडापुढे नमस्कार करतो आणि ज्या सड्यावरून ते पाणी आलं त्याला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतो. तो पडीक आहे म्हणून तिथे चिरेखाण चालते, सुरुंगाने खड्डे फोडून, बाहेरची माती भरून कलमांची लागवड होते, प्लॉट पडतात. प्रत्येक खाणीबरोबर पाणी शोषणारं कवच उचललं जातं. ऑगस्टमध्ये याच सड्यावर यावं. कातळाच्या खळग्यांत वीतभर पाणी, आणि त्यावर निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा, मध्ये गेंदाची पांढरी बटणं, कडेला तेरडा. सीतेची आसवं कीटकभक्षी आहेत. कातळावर मातीच नाही, म्हणून लागणारं नत्र ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून मिळवतात. कास पठाराला जगाने दाद दिली, २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली. गावोगावचे सडे त्याच जातीचे आहेत, आणि त्यांना कुणी वाली नाही.

म्हणूनच सरसकट वृक्षारोपणालाही विरोध करावा लागतो. सड्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावल्याने झरा वाढत नाही. झाडं पाणी पितात, आणि सड्याची नैसर्गिक वनस्पती गवत आणि फुलं ही आहे. झाडं लावायची ती उतारावर, राईच्या कडेने, राईतल्याच बियांची: जांभूळ, किंजळ, हरडा, उंबर. सड्यावर करायचं ते एवढंच की जुनी तळी आणि खळगे बुजू द्यायचे नाहीत, आणि पाणी वाहून जाणाऱ्या वाटांवर दगडांचे गुडघाभर उंच बांध घालायचे.

पाणी मुरवण्यासाठी चर खणण्याचं कामही जपून करावं. उतारावर जाड माती असेल, जुन्या भेगा असतील, तर तिथे पाणी मुरवणं म्हणजे दरडीला आमंत्रण. माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. दरडी कोसळल्याच्या या तारखा विसरण्यासारख्या नाहीत. पावसाळ्यात नेहमीचा नितळ झरा अचानक लाल गढूळ होणं, जिथे कधी पाणी नव्हतं तिथे नवा झरा फुटणं, किंवा धो-धो पावसात वाहता झरा एकाएकी थांबणं, ही डोंगर सरकू लागल्याची लक्षणं आहेत. असं दिसलं तर पंचनाम्याची वाट न पाहता वाडी रिकामी करावी. ज्या गावात झऱ्याकडे रोज कुणाचं तरी लक्ष असतं, त्या गावाला हा इशारा मिळू शकतो. ज्या गावात कुंड पंपाने भरलं जातं, त्याला मिळत नाही.

कायद्याची साधनं आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य सरकार वारसा स्थळ जाहीर करू शकतं. आंबोलीला ते झालं. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, आणि त्या नोंदवहीत गावचे सगळे झरे त्यांच्या सड्यांसह यायला हवेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांची, म्हणजे तिथल्या देवरायांची, पाहणी करून त्यांना वनाचं संरक्षण देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने आदेशाची वाट पाहण्याचं कारण नाही. सिक्कीमने २००८ पासून झऱ्यांच्या पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम राबवला आणि त्यासाठी लागणारं भूजलशास्त्र पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम या संस्थेने पुरवलं. पुण्याचं ज्ञान हिमालयात पोचतं आणि सह्याद्रीत झऱ्यांसाठी तसा राज्यव्यापी कार्यक्रम नाही, याची खंत वाटते.

कायदा येईल तेव्हा येईल. मोजमापाला कुणाच्या परवानगीची गरज नाही. दहा लिटरची बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ. धार बादलीत धरायची, भरायला लागलेले सेकंद लिहायचे, तीनदा मोजून सरासरी काढायची. चाळीस सेकंद लागले तर मिनिटाला पंधरा लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. जल जीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ३९० माणसांचं पाणी, वीज न लावता, दगडातून. एवढी एक बेरीज ग्रामसभेत वाचून दाखवली तरी सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकाकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतील. मोजणी दर पौर्णिमेला करावी, म्हणजे तारीख कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही, आणि वर्षाच्या बारा-तेरा नोंदी आपोआप होतात. बादली दर वेळी तीच, जागा तीच, आणि सकाळची वेळ. सोबत त्या महिन्याचा पाऊस आणि पाण्याचा रंग. मार्च ते मे या तीन नोंदी सर्वांत मोलाच्या; त्या घसरू लागल्या की सड्यावर जाऊन काय बदललं ते पाहायचं.

वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवू नये, तिथे ती हरवते. देवळात, पालखीच्या खर्चाच्या वहीशेजारी ठेवावी. शिमग्याला मानकरी, गुरव आणि अख्खा गाव जमतो तेव्हा खर्चाच्या आधी झऱ्याचे आकडे वाचावेत, आणि बादली ज्यांनी धरली त्या बायकांनीच ते वाचावेत.